सहकाऱ्यानं तोंडभरून कौतुक केलंय, आता काय बोलायचं? पहिल्या अप्रेझलला बसणाऱ्यांसाठी

मार्च सरत आला की संभाजीनगरचे वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा हे कारखान्यांचे पट्टे, जालन्याची एमआयडीसी, लातूर-नांदेडच्या बँका, सगळीकडे नव्यानं लागलेल्या मुलामुलींचा विषय एकच असतो. अप्रेझल, म्हणजे वर्षभराच्या कामाचा आढावा. बजाजनगरच्या खोल्यांवर रात्री मेसचा डबा उघडता उघडता चर्चा चालते: त्या रिजेक्शनचं विचारलं तर काय सांगू, दोन लेट मार्क आहेत त्यांचं काय, साहेब चिडले तर? चुकांच्या उत्तरांची तयारी प्रत्येकजण करून जातो. कुणी तोंडभरून कौतुक केलं तर काय बोलायचं, याची तयारी करून आलेलं नवीन माणूस मला अजून भेटायचं आहे.

मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. आधी ट्रेनी म्हणून, आता गेली काही वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म भरणारी म्हणून. चूक दाखवली की आपली मुलं अडखळतात, पण सावरतात. कौतुक वाचून दाखवलं की मात्र हातात आलेलं स्वतःहून परत करतात. हा लेख त्या दहा मिनिटांसाठी आहे, आणि त्याच्या आधी-नंतरच्या थोड्या कामांसाठी.

आधी शोधा: हे कौतुक येतं कुठून आणि जातं कुठं

बैठकीच्या आठ दिवस आधी एचआरला किंवा तुमच्याआधी लागलेल्या एखाद्या दादाला-ताईला सरळ विचारा: आपल्याकडे सहकाऱ्यांचं मत लेखी घेतात की तोंडी? नावासकट दाखवतात की नाव झाकून? त्याचा रेटिंगवर परिणाम होतो की ते फक्त माहितीसाठी असतं?

मोठ्या कंपन्यांत बहुतेक ठिकाणी तुम्ही स्वतः सेल्फ अप्रेझलचा फॉर्म भरता, ठरलेल्या केआरए, म्हणजे वर्षभरासाठी नेमून दिलेल्या मुख्य कामांपैकी काय केलं ते लिहिता, आणि तुमच्यासोबत काम करणाऱ्या दोन-चार जणांकडून अभिप्राय मागवला जातो. काही ठिकाणी ती नावं तुम्हालाच सुचवायला सांगतात. सांगितलं तर जवळच्या मित्राचं नाव देऊ नका. ज्यानं तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलंय, ज्याला तुमच्या कामामुळे फरक पडतो, त्याचं नाव द्या. क्वालिटीतल्या माणसानं प्रॉडक्शनमधल्याचं द्यावं, स्टोअरमधल्यानं मेंटेनन्समधल्याचं. दुसऱ्या खात्यातल्या माणसाचे दोन शब्द आपल्या टेबलाशेजारच्या मित्राच्या पानभर मजकुरापेक्षा जास्त मोजले जातात.

लहान युनिटमध्ये फॉर्मबिर्म काही नसतो. मालक केबिनमध्ये बोलावतात आणि म्हणतात, "तुझ्याबद्दल चांगलं ऐकायला येतंय." तेही अप्रेझलच असतं. पुढचं सगळं तिथंही लागू आहे.

सरकारी नोकरीत लागलेल्यांचं वेगळं आहे. तिथं कार्यमूल्यमापन अहवाल असतो, त्यालाच आधी गोपनीय अहवाल म्हणायचे. आधी तुमचं स्वयंमूल्यमापन, मग प्रतिवेदन अधिकाऱ्याचा शेरा, मग पुनर्विलोकन अधिकाऱ्याचा. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं मत त्यात थेट येत नाही, ते साहेबांच्या कानावर गेलं तरच उतरतं. पण एक गोष्ट तिथल्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावी. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अहवालातला प्रत्येक शेरा, चांगला असला तरी, संबंधिताला कळवला पाहिजे. त्या खटल्यात सीमा रस्ते विभागातल्या एका अभियंत्याला एका वर्षी 'चांगला' असा शेरा होता. बढतीसाठी मात्र पाच वर्षं 'अतिशय चांगला' लागत होता. त्याला तो शेरा कळवलाच नव्हता, आणि त्या एका 'चांगल्या'पायी बढती हुकली. म्हणून शेरा चांगलाय म्हणून निवांत राहायचं नाही. तो पाहायचा, आणि पुढं जायला कोणता लागतो तेही पाहायचं.

वाचून दाखवत असताना तोंड बंद, पेन चालू

साहेब वाचायला लागले की आपल्याकडच्या मुलांची मान खाली जाते, आणि पहिलं वाक्य संपायच्या आत "नाही सर, तसं काही नाही" सुरू होतं. थांबा. पूर्ण वाचू द्या. वही पुढ्यात ठेवा आणि जे शब्द वापरले तेच उतरवून घ्या. 'चांगलं बोलले' असं लिहून ठेवलं तर सहा महिन्यांनी त्याचा काही उपयोग होत नाही. 'नाईट शिफ्टला माप हललं तेव्हा लाइन थांबवली आणि आधीचे चाळीस पार्ट परत तपासले' हे लिहिलेलं असेल तर ते कायम तुमच्या कामाचं.

वाचून झाल्यावर दोन-तीन सेकंद शांतता होते. ती सहन होत नाही म्हणूनच आपण भलतं काहीतरी बोलून बसतो. होऊ द्या शांतता. साहेबांकडे बघा. मग बोला.

पहिलं वाक्य

इथं मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण हे एक वाक्य चुकलं की पुढचं सावरायला वर्ष जातं. माझं गेलं.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. डिप्लोमा झाल्यावर वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीत ट्रेनी म्हणून लागले. बजाजचा कारखाना वाळूजला १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला पार्ट पुरवणाऱ्या लहानमोठ्या युनिटचं जाळं उभं राहिलं. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतला पहिला पगार त्या जाळ्यातून आलाय, तसा आमच्याही घरातला.

पहिल्या वर्षी एक गोष्ट घडली. बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, तपासायचा प्लग गेज रोज पार्टमध्ये व्यवस्थित जात होता, पण मी बोअर गेजनं मोजलं की माप कमी यायचं. दोन दिवस मला वाटलं माझाच हात चुकतोय. तिसऱ्या दिवशी मी गेज टूलरूममध्ये नेला. पुरेशा मोठ्या भोकातच जायला हवी ती त्याची 'गो' बाजू झिजली होती. म्हणजे भोक लहान असलं तरी गेज आत जायचा आणि पार्ट पास व्हायचा. टूलरूममध्ये एक मामा होते, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. त्यांनी गेज हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता बदलून दिला.

अप्रेझलला साहेबांनी मामांचा कागद वाचून दाखवला. मामांनी लिहिलं होतं की झिजलेला गेज या मुलीनं मापावरून ओळखला, कुणी सांगितलं नव्हतं, आणि नवीन माणसाला एवढ्या लवकर ओळखताना आपण पाहिलं नाही. मी काय म्हणाले? "नाही सर, त्यात विशेष काही नाही. मामाच सगळं शिकवतात, मी फक्त माप घेतलं." मला वाटलं मी फार चांगल्या वळणाची वागले. घरी असंच शिकवलं होतं, आपलं आपण मिरवू नये.

अप्रेझलचं पत्र आलं तेव्हा शेरा होता, 'मार्गदर्शनाखाली काम करते'. साहेबांचं काही चुकलं नव्हतं. मी सांगितलं तेच त्यांनी लिहिलं.

पण मला पत्रापेक्षा जास्त लागलं ते मामांचं बोलणं. साहेबांनी सहज त्यांच्या कानावर घातलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मामा म्हणाले, "पोरी, मी आजवर कुणाबद्दल कागदावर लिहिलं नव्हतं. तुझ्याबद्दल लिहिलं. आन् तू साहेबाला सांगितलंस त्यात काही नाही म्हणून. मंग मी खोटं लिहिलं का? मला कामून तोंडघशी पाडलंस?"

त्या दिवसापासून मी नम्रपणाचा अर्थ वेगळा धरते. दुसऱ्यानं पाहून, विचार करून, स्वतःच्या नावानिशी लिहिलेली गोष्ट आपण 'त्यात काही नाही' म्हणून उडवली, तर ज्यानं आपल्यासाठी शब्द खर्च केला त्यालाच आपण खोटं पाडतो.

मग पहिलं वाक्य काय असावं? साधं. "थँक्यू सर. त्यांनी हे लिहिलं याचं मला बरं वाटलं." बस. "आभारी आहे सर, ते काम मी मनापासून केलं होतं" हेही चालेल. मराठीत म्हणा, नाहीतर तुमच्या ऑफिसात जी भाषा चालते तिच्यात म्हणा. शब्द पाठ करून जा. आरशापुढे दोनदा म्हणून बघा, यात लाजण्यासारखं काही नाही. नेहमीच्या बोलण्यात न येणारं वाक्य तोंडात बसायला वेळ लागतोच.

काय टाळायचं तेही सांगते. "सगळं तुमच्यामुळेच सर" हे तर अजिबात नको. आपल्याकडे ते इतकं सरावाचं झालंय की ऐकणाऱ्यालाही खरं वाटत नाही, आणि साहेबांनी ते काम पाहिलेलंही नसतं. "देवाची कृपा" घरी म्हणा. "ते लय चांगले आहेत म्हणून लिहिलं" यातून असं होतं की लिहिणाऱ्याच्या चांगुलपणामुळे लिहिलं गेलं, तुमच्या कामामुळे नाही. आणि दुसरं टोकही नको: "हो सर, मी तर वर्षभर असंच करतो, पण कुणाचं लक्षच नसतं." कौतुकाच्या पाठीवर तक्रार बसवली की साहेबांच्या डोक्यात तक्रारच राहते.

मग एक प्रश्न

आभार मानून झाले की गप्प बसायचं नाही. एक प्रश्न विचारायचा: "सर, हे त्यांनी कोणत्या कामाच्या वेळचं लिहिलंय, ते कळू शकेल का?"

कारण बरेचसे अभिप्राय गुळगुळीत असतात. 'मेहनती आहे.' 'टीममध्ये मिसळून जातो.' 'सदैव मदतीला तयार.' ऐकायला गोड, पण त्यावर कुणाला रेटिंग वाढवून देता येत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखवलं होतं की माणूस दुसऱ्याला गुण देताना एका चांगल्या गुणाचा प्रकाश बाकीच्या सगळ्या गुणांवर पाडतो. एक गोष्ट आवडली की सगळंच उत्तम वाटायला लागतं. वर बसलेल्या जाणत्या साहेबांना हे अनुभवानं माहीत असतं. म्हणून नुसती स्तुती ते मनातल्या मनात निम्मी करून घेतात. घटना, तारीख, आकडा जोडला की ती पूर्ण मोजली जाते.

साहेबांना घटना माहीत नसली तर तुम्ही सांगा. तीन वाक्यांत: काय झालं होतं, मी काय केलं, त्यामुळे किती वेळ किंवा खर्च वाचला. "जानेवारीत दोन नंबरच्या मशीनवर सेटिंगला तास-तास जायचा. मी फिक्स्चरवर खूण करून ठेवली. आता नवीन ऑपरेटरलाही पाऊण तासात जमतं." यात बढाई कुठेच नाही. जे झालं ते झालं.

मुलींना इथं एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. आपल्या वाट्याला येणारं कौतुक पुष्कळदा स्वभावाचं असतं. 'मनमिळाऊ', 'शांत', 'सगळ्यांना सांभाळून घेते', 'हसतमुख'. माझ्याकडे आलेल्या कितीतरी कागदांत मी पाहिलंय, त्याच टीममधल्या मुलाबद्दल 'प्रॉब्लेम सोडवतो' आणि मुलीबद्दल 'मदत करते', आणि काम दोघांचं सारखंच. लिहिणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण बढतीच्या यादीवर चर्चा होते तेव्हा 'हसतमुख' उपयोगी पडत नाही. अशा वेळी आभार मानून लगेच म्हणा, "सर, सांभाळून घेते म्हणजे काय, तर कस्टमर ऑडिटच्या वेळी तिन्ही शिफ्टचे रिपोर्ट मी एकत्र करून तपासले होते, त्यात दोन चुका सापडल्या." स्वभावाचा शब्द कामाच्या शब्दात बदलून घ्या. तिथल्या तिथे, त्याच बैठकीत.

प्रश्न विचारण्याचा आणखी एक फायदा आहे. जोसेफ लुफ्ट आणि हॅरी इंगहॅम या दोघांनी १९५५ साली एक चौकट मांडली. दोघांच्या नावांवरून तिला जोहारी खिडकी म्हणतात. तिचे चार कप्पे: मला माहीत आणि इतरांनाही माहीत, फक्त मला माहीत, फक्त इतरांना माहीत, आणि कुणालाच माहीत नाही. तिसऱ्या कप्प्यात आपल्या चुका असतात असं आपण धरून चालतो. तिथं आपले गुणही असतात. आमच्याकडच्या उदगीरच्या एका मुलाला माहीतच नव्हतं की शिफ्ट बदलताना तो जे नीट लिहून ठेवतो त्यामुळे पुढच्या शिफ्टचा अर्धा तास वाचतो. त्याला ती फक्त सवय वाटायची. सहकाऱ्यानं लिहिलं म्हणून कळलं, आणि पुढं तीच पद्धत सगळ्या लाइनवर लागू झाली.

वाटा द्यायचा, पण मोजून

काम एकट्याचं नसतं, हे खरंच आहे. ज्याचा हात लागलाय त्याचं नाव घ्या. फक्त स्वतःचा वाटा पुसून ते घेऊ नका. "मामांनीच केलं" आणि "झिजलाय हे मी ओळखलं, मामांनी लगेच तपासून बदलून दिला म्हणून पुढची लॉट वाचली" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात दोघंही उभे राहतात.

आणि एक वर्ग कायम राहून जातो: ठेकेदाराकडचे कामगार. त्यांना फॉर्म नसतो, रेटिंग नसतं, त्यांचं मत कुणी मागवत नाही. लोडिंगवरचा माणूस, हेल्पर, हाऊसकीपिंगच्या मावशी. तुमच्या चांगल्या कामात त्यांचा हात असेल तर तिथंच नाव घेऊन सांगा. त्यांचं नाव केबिनमध्ये पोचायचा बहुतेक वेळा तोच एक रस्ता असतो.

कौतुक भरपूर, रेटिंग मात्र तीन

हे होतं. खूप ठिकाणी होतं, आणि नवीन मुलं इथं फार खचतात. सहकाऱ्यानं आकाशाला पोचवलं आणि पाचापैकी तीन हातात आले, मग ते सगळं खोटं होतं का?

नाही. सहकारी तुमचं काम त्याच्या जागेवरून पाहतो. रेटिंग ठरवणाऱ्याला पूर्ण खात्याची तुलना करायची असते, वाढीसाठी ठरलेली एक रक्कम असते, आणि काही कंपन्यांत तर किती टक्के लोकांना वरचं रेटिंग द्यायचं हे आधीच ठरलेलं असतं. त्याला बेल कर्व्ह म्हणतात. मायक्रोसॉफ्टनं ही सक्तीची उतरंड २०१३ साली बंद केली, पण आपल्याकडे ती किंवा तिच्यासारखं काहीतरी पुष्कळ ठिकाणी चालू आहे. शिवाय पहिल्या वर्षाच्या माणसाला तीन म्हणजे 'अपेक्षेप्रमाणे काम केलं'. ती शिक्षा नाही.

अशा वेळी सहकाऱ्याचा कागद साहेबांच्या तोंडावर नाचवू नका. "त्यांनी एवढं लिहिलंय आणि तुम्ही तीनच देता?" असं म्हटलं की साहेब आणि सहकारी, दोघांनाही तुम्ही एकमेकांसमोर उभं करता. असं विचारा: "सर, त्यांनी जे काम चांगलं म्हणून लिहिलंय, ते चार मिळण्यासाठी आणखी कसं दिसायला हवं होतं?" आणि उत्तर लिहून घ्या. पुढच्या वर्षाचा केआरए त्या उत्तरातून निघतो.

पगाराची बोलणी याच बैठकीत असतील तर कौतुक पुरावा म्हणून ठेवता येतं, पण घटनेसकट. 'सगळे माझ्यावर खूश आहेत' हा पुरावा नाही.

त्याच संध्याकाळी

कंपनीच्या बसमध्ये बसलात की किंवा खोलीवर पोचलात की पाच मिनिटं काढा. वहीत तारीख, कुणी म्हटलं, कोणत्या कामाबद्दल, नेमके शब्द. एवढंच. वर्षभर ही वही चालू ठेवली तर पुढच्या मार्चमध्ये सेल्फ अप्रेझल भरायला रात्र जागावी लागत नाही. नाहीतर काय होतं, फॉर्म भरताना फक्त फेब्रुवारी-मार्चचं आठवतं आणि मागच्या पावसाळ्यात केलेलं मोठं काम राहून जातं. ही गत लिहिणाऱ्याची होते तशी वाचणाऱ्याचीही होते.

फॉर्मचा फोटो काढून व्हॉट्सअॅप स्टेटसला मात्र टाकू नका. तो कंपनीचा कागद आहे, आणि त्यावर दुसऱ्याचं नाव आहे.

घरी सांगा. आई-आबांना अभिप्राय म्हणजे काय ते कळेलच असं नाही, ते आधी विचारतील पगार किती वाढला. तरी सांगा. "मेंटेनन्समधल्या एका मोठ्या माणसानं लिहून दिलंय की मी काम नीट करतो", एवढं वाक्य त्यांना पुरतं, आणि ते पुढं गावभर पोचतं.

त्या माणसाला भेटायचं का?

नाव उघड असेल तर जरूर भेटा. दोन दिवसांत, चहाच्या वेळी, चार लोकांत नाही. "दादा, तुम्ही त्या नाईट शिफ्टचं लिहिलंत, साहेबांनी वाचून दाखवलं. तुमच्या लक्षात राहिलं, फार बरं वाटलं." ज्येष्ठ ऑपरेटर असतील तर मामा, काका, जे रोज म्हणता तेच म्हणा. त्या दिवसापुरतं 'सर' करू नका, त्यांना परकं वाटतं. पेढे द्यायचे तर पत्र आल्यावर सगळ्या खात्याला द्या. त्या एकट्याला डबा दिला की चांगल्या मनानं लिहिलेल्या शब्दांवर लोक बोलायला मोकळे होतात.

नाव झाकलेलं असेल तर शोधू नका. अक्षरावरून, शब्दांवरून, 'हे नक्की अमुकच' असा अंदाज बांधत फिरू नका. झाकून लिहिण्याची मुभा आहे म्हणून लोक खरं लिहितात. आज कौतुक कुणी केलं ते शोधलंत, तर उद्या तक्रार कुणी केली तेही शोधाल असं लोक धरून चालतात, आणि मग कुणीच काही लिहीत नाही. तेव्हा सगळ्या टीमला मिळून म्हणा, "ज्यांनी कुणी माझ्याबद्दल लिहिलं, त्यांचे मनापासून आभार." पोचतं ते.

'साहेबांचा लाडका' असं कुणी चिडवलं तर उत्तर द्यायची गरज नाही. महिनाभरात विरतं. फक्त त्या काळात जेवायला नेहमीच्याच लोकांत बसा, जागा बदलू नका.

आता तुमच्याकडे कागद येईल

वर्ष-दीड वर्षात तुमच्याकडेही कुणाबद्दल लिहायला फॉर्म येईल. शेवटच्या दिवशी घाईत 'चांगला सहकारी आहे' लिहून मोकळे होऊ नका. तुमच्या हातातले ते चार-पाच शब्द कुणाच्या तरी बैठकीत मोठ्यानं वाचले जाणार आहेत.

वहीचं एक पान दुसऱ्यांसाठी ठेवा. कुणी काही चांगलं केलेलं दिसलं की तिथं तारीख टाकून लिहून ठेवा. फॉर्म आला की तिथून एक घटना उचला आणि तीच मांडा: कधी, काय अडलं होतं, या माणसानं काय केलं, तुमचं काम त्यानं कसं सोपं झालं. एका घटनेला चार ओळी पुरतात. कमी पडलेलं काही असेल तर ते फॉर्मच्या आधी त्या माणसाला समोरासमोर सांगून टाका, म्हणजे कागदावर त्याला पहिल्यांदाच कळायला नको.

मामा रिटायर झाले त्याच्या आदल्या मार्चमध्ये त्यांचा फॉर्म माझ्याकडे आला होता. मी झिजलेल्या गेजचीच गोष्ट लिहिली, पण त्यांच्या बाजूनं: एका ट्रेनी मुलीनं आणलेला गेज त्यांनी 'तुला काय कळतं' न म्हणता हातात घेतला, तपासला आणि त्याच मिनिटाला बदलून दिला. साहेबांनी वाचून दाखवलं तेव्हा मामा काय म्हणाले, ते मला साहेबांनीच सांगितलं. म्हणाले, "थँक्यू साहेब. खरं लिहिलंय पोरीनं."